भीती किती आणे?

"मॅडम, शेतकऱ्याचं पोर असून गोठ्यात पाय टाकत नाही. लोक हसतात आम्हाला." सातारा जिल्ह्यातल्या एका आईचं हे पहिलंच वाक्य. हीच काळजी घेऊन येणारे पालक मला वरचेवर भेटतात, म्हणून या मुलाची हकिकत जरा सविस्तर सांगते. त्याला ओम म्हणू या. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

ओम नऊ वर्षांचा. घरी दोन जर्सी गाई, एक म्हैस आणि खिलार बैलांची जोडी. धारेच्या वेळी वासरू सोडायचं काम त्याचंच. एका संध्याकाळी तो गाईच्या मागून पळत गेला, गाय बिचकली आणि लाथ बसली. मांडी काळीनिळी झाली, दुधाची बादली लवंडली. खेड्यात एवढं कुणाच्याही लहानपणी घडतं. पण दुसऱ्या दिवशी 'भीती वेळीच मोडली पाहिजे' म्हणून वडिलांनी त्याला दंडाला धरून त्याच गाईपाशी नेलं आणि त्याचा हात तिच्या पाठीवर दाबून धरला. ओम तिथंच ओकला. मोरी गोठ्याला लागून, त्यामुळे तेव्हापासून रोज अंघोळीलाही रडारड.

माझ्यासमोर बसून त्यानं हे सगळं सांगितलं, तेव्हा लाथ एका वाक्यात संपली. "पप्पा सोडतच नव्हते" हे मात्र तीन वेळा आलं. वडील शेजारीच बसले होते. त्यांचा चेहरा उतरला. वाईट हेतू नव्हताच त्यांचा; त्यांनाही लहानपणी असंच शिकवलं गेलं होतं. पण पळायची वाट बंद केली की मुलाच्या मनात भीती पक्की बसते, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

म्हणून पहिला करार असा झाला: ओमला कुणी ओढायचं नाही, ढकलायचं नाही, हसायचं नाही. तो 'बास' म्हणाला की त्या दिवसापुरतं बास. "मग तो रोज बासच म्हणेल की," वडील म्हणाले. खरंच, पहिले चार दिवस तो ओसरीवरूनच 'बास' म्हणून आत पळाला. आपलं ऐकतात का, हे तो पारखत होता. पाचव्या दिवशी कुणी काही न सांगता अंगणात दोन पावलं पुढे गेला.

भीती मोजायची कशी, हा प्रश्न त्याच्या आजीनं सोडवला. त्यांच्या बोलण्यात आणे येत. सोळा आणे म्हणजे अख्खा रुपया, हे त्यांनी नातवाला समजावलं, आणि मग रोज विचारणं सुरू झालं, "आज किती आणं रं भ्या वाटलं?" ओसरीवर चार, मोरीपाशी दहा, दावणीजवळ सोळा. एका जागी भीती चार आण्यांवर उतरली की मगच पुढची जागा.

सुरुवात गाईपासून केली नाही. महिन्याभराची कालवड होती, तिच्यापासून केली. ओमच्याच वयाची चुलत बहीण तिला कोवळी मका भरवायची आणि ओम लांबून भडंग खात बघायचा. हे मी मनानं रचलेलं नाही. मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1924 साली पीटर नावाच्या लहान मुलाची सशाची भीती अशीच घालवली होती: तो आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा थोडा थोडा जवळ आणत, आणि न घाबरणारी मुलं सोबत ठेवत.

तिसऱ्या आठवड्यात ओमनं हात पुढे केला. कालवडीनं तळहात चाटला. जीभ कानशीसारखी खरखरीत, हात मनगटापर्यंत ओला. तो हात तसाच धरून तो आजीकडे धावला. "दोनच आणे!"

आणि चारच दिवसांनी कालवडीनं त्याला ढुशी मारली. वासरं आईच्या कासेला ढुशा देतात, तशीच. पण भीती पुन्हा बारा आण्यांवर. आईचा रडवेला फोन आला. तिला मी पीटरचंच पुढचं सांगितलं: मध्ये तो आजारी पडला, दवाखान्यातून परतताना एक मोठा कुत्रा अंगावर आला आणि भीती परत आली होती. तिथून पुन्हा सुरुवात केली आणि ती गेली. आम्हीही दोन पायऱ्या मागे आलो.

या वेळी वडिलांना वेगळं काम दिलं: ओमला गाय 'वाचायला' शिकवायचं. गाईचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे तिला जवळपास सगळीकडचं दिसतं, फक्त थेट मागचं दिसत नाही. लाथ तिनं रागानं मारली नव्हती, दचकून मारली होती, हे ओमला पहिल्यांदा कळलं. हाक मारत जायचं, तिला दिसेल असं खांद्याच्या बाजूनं जायचं, डोकं खाली घालून फुसफुसली की मागे व्हायचं, नुकत्याच व्यालेल्या गाईच्या वासराला हात लावायचा नाही. मला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. जनावराला बिचकणं पुष्कळदा शहाणपणाचं असतं, फक्त कधी बिचकायचं हे मुलाला कुणी सांगितलेलं नसतं.

सगळ्याच मुलांना समुपदेशक लागतो असं नाही. पण भीती सहा महिन्यांहून जास्त टिकली, झोप, शाळा, जेवण यांवर परिणाम व्हायला लागला, तर घरगुती उपायांवर थांबू नका.

आषाढात बेंदूर आला. बैलांच्या शिंगांना रंग वडिलांनीच लावला. ओम लांब उभा राहिला आणि मला ते योग्यच वाटलं. खिलाराच्या शिंगांशी नऊ वर्षांच्या पोराचं काय काम? त्यानं कालवडीच्या कपाळाला हळद-कुंकू लावलं, पोळी भरवली. दुपारी पुण्याहून आलेला आतेभाऊ गाईच्या मागून धावायला लागला, तेव्हा ओमनं त्याचा शर्ट पकडला. "मागनं नको जाऊस. तिला तू दिसत नाहीस. आधी हाक मार."