वॉचमनच्या जेवणाची वेळ

ताई, नमस्कार.

वय ६९. बँकेतून निवृत्त, कोथरूडला राहतो. माझी १९९४ ची बुलेट आहे, ३५०, उजव्या पायाच्या गियरची. घेतल्यापासून मीच चालवतोय. दिवाळीपासून मुलगा मागे लागलाय, 'बाबा, आता बास'. सूनबाई बोलत नाही, पण मी हेल्मेट उचललं की तिचा चेहरा उतरतो. सौ. म्हणते, तुमचं तुम्ही ठरवा. मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झालीत, नजर उत्तम. बी.पी. गोळीवर आटोक्यात. आजवर एकही अपघात नाही. जाणंयेणं फार नसतं: मंडई, डेक्कनला बँक, रविवारी मित्रांबरोबर नाश्ता. लायसन्स सत्तरीला संपतंय, तोवर चालवावी आणि मग थांबावं, असं मनात येतं. नातू १९ चा आहे, त्याला द्यावी असंही वाटतं. आमच्या सोसायटीचे वॉचमन फार चांगले आहेत, स्टँडवरून गाडी काढायला-लावायला हात देतात, त्यामुळे तीही अडचण नाही. फक्त दुपारी दीड ते अडीच ते जेवायला जातात, तेवढी वेळ सांभाळावी लागते. चहापाण्याला मी त्यांना महिन्याला दोनशे रुपये देतो. मुलाला काय सांगू?

— एक बुलेटवाला, कोथरूड

काका,

डोळे, रक्तदाब, लायसन्स, सुनेचा चेहरा, सगळं तुम्ही व्यवस्थित मांडलंत. बँकेतल्या माणसाने कर्जाच्या फाइलला कागद जोडावेत तसं. आणि जाता जाता, ओझरतं, वॉचमनच्या डब्याची वेळ लिहून गेलात. मला त्या एका तासाबद्दलच बोलायचंय. बाकीची फाइल मिटवून ठेवा.

दीड ते अडीच तुमची बुलेट निघत नाही, कारण तुम्हाला ती एकट्याने काढता येत नाही. 'अडचण नाही' असं तुम्ही लिहिलंय ते यालाच.

आता तुम्ही म्हणाल, स्टँडच जड झालाय. असू शकतो, म्हणून ते आधी निकालात काढू. मेन स्टँड जड लागायची कारणं मोजकीच असतात. मागच्या टायरात हवा कमी असली, २८ च्या आसपास हवी ती वीसवर आली, की गाडी खाली बसते आणि तेवढीच जास्त उचलावी लागते. मागचे शॉकअप बसले असतील तरी तेच होतं. स्टँडचा पिन सुकला असेल, नाहीतर पेव्हर ब्लॉक खचून स्टँडचा एकच पाय आधी टेकत असेल. हे सगळं एका सकाळी तपासून होतं. त्यानंतर मागच्या चाकाखाली पाऊण इंचाची फळी सरकवायची. डावा हात हँडलवर, उजवा सीटखालच्या हँडलवर, उजवा पाय स्टँडच्या दांडीवर. आधी गाडी ताठ करून स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकवून घ्यायचे, मग गुडघा सरळ ठेवून अंगाचं सगळं वजन त्या पायावर टाकायचं. हाताने फक्त दिशा द्यायची. बुलेट स्टँडवर चढते ती पायाने, कंबरेने नाही. साठ किलोचा माणूस हे आरामात करतो.

म्हणजे लावायचं काम फळीने सुटेलही. काढायचं सुटत नाही. स्टँडवरून गाडी पुढे ढकलली की ती धप्पकन चाकांवर येते, आणि त्या क्षणी ती धरायला तुमच्याशिवाय कुणी नसतं. तिथे फळीचा काही उपयोग नाही. वॉचमन तुम्हाला खरी मदत करतात ती इथे.

थोडा हिशेब करू, तुम्हाला आवडेल. पेट्रोल-ऑइलसकट तुमची गाडी पावणेदोनशे किलोच्या घरात. ताठ उभी असते तेव्हा हे सगळं वजन चाकं पेलतात, तुमच्या हाताला काहीच लागत नाही. ती दहा अंश कलली की हँडलशी साधारण १५ किलोचा जोर लावावा लागतो. वीस अंशांना ३०. तीस अंशांना चाळिशीच्या वर, आणि तिथे गाडी कुणाचंच ऐकत नाही. यात वर बसलेल्या माणसाचं वजन धरलेलं नाही. तरुण माणूस तिला दहा अंशांतच अडवतो. त्याच्या अंगात तुमच्यापेक्षा फार ताकद असते असंही नाही, त्याचा पाय वेळेत खाली टेकतो. वयाबरोबर ताकदीच्या आधी हा वेळ जातो. पाय अर्धा सेकंद उशिरा टेकला की पंधराच्या जागी तीस किलो हातात येतात, तेही वाकड्या कंबरेने.

हे ताम्हिणी घाटाच्या वळणावर होत नाही. तिथे गाडी वेगात असते, वेगातली गाडी स्वतःच उभी राहते. होतं ते नळ स्टॉपच्या सिग्नलला, डावा पाय नेमका रस्त्याच्या खचलेल्या कडेवर पडतो तेव्हा. पौड रोडला सांडलेल्या खडीवर. मंडईत दोन स्कूटरींमधून बुलेट मागे ओढताना. तिथे तुम्हाला हात कोण देतं, ते पत्रात नाही. कुणीतरी देत असणार. आणि किक? डीकॉम्प्रेसर दाबून, अँपिअरचा काटा मध्यावर आणून, मग उजव्या पायाने पूर्ण दाब द्यायचा, हे तुम्हाला मी सांगायला नको. पॉइंटचं, म्हणजे ठिणगी पडायचं, टायमिंग जरा पुढे गेलेलं असेल तर किक उलटी येते आणि घोट्यात बसते. ती सध्या कोण मारतं, हेही तुम्ही लिहिलेलं नाही.

'एकही अपघात नाही' या वाक्यावर फार विसंबू नका. उभ्या गाडीवरून कुणी पडलं तर पुण्यात त्याला अपघात म्हणत नाहीत, 'जरा कललो' म्हणतात. त्या कलण्यात घोटा गाडीखाली सापडतो, नाहीतर माणूस बाजूला आपटून खुब्याचं हाड जातं. सत्तरीच्या उंबऱ्यावर खुबा मोडणं म्हणजे काय, हे तुमच्या रविवारच्या कट्ट्यावर कुणालाही विचारा. हेल्मेट तुम्ही न सांगता उचलता, ते वाचून बरं वाटलं, या गावात हे दुर्मीळ आहे. पण खुब्याला हेल्मेट नसतं.

आणि ते दोनशे रुपये. वॉचमन गेट सांभाळायला ठेवलेत. पावणेदोनशे किलोची गाडी रोज दोनदा पेलणं त्यांच्या कामात बसत नाही. ते 'साहेब, राहू द्या, मी काढतो' म्हणतात, कारण त्यांना नाही म्हणता येत नाही. त्यांचं वय काय, त्यांची कंबर कशी आहे, तुम्ही कधी विचारलंय? उद्या गाडी पलीकडे, त्यांच्या बाजूला कलली तर तिच्याखाली कोण असेल, याचाही विचार करा. यात तुमचं मन वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण फार सोयीचं आहे.

म्हणून काका, बुलेट आता थांबवायची. सत्तरीला नाही, या पावसाळ्याच्या आत. लायसन्सची तारीख सरकारची आहे; पंचावन्नच्या पुढे ते दर पाच वर्षांनी नवं करावं लागतं, एवढाच तिचा अर्थ. ते जरूर नवं करून घ्या, फॉर्म १-ए वर डॉक्टरांची सही लागेल, कार चालवायला उपयोगी पडेल. बुलेटशी त्याचा संबंध जोडू नका. पहिल्या सरीला रस्त्यावरचं ऑइल वर येतं, झाडांखाली पाचोळ्याचा चिखल होतो, पाय टेकला तरी सरकतो. ती सर पडेल तेव्हा गाडी तुमच्या पार्किंगमध्ये नको.

नातवाला द्यायची नाही. ही माया नको त्या जागी खर्च होईल. तो शिकला असेल त्या गाडीवर उजव्या पायाखाली ब्रेक असतो. तुमच्या गाडीत तिथे गियर आहे, पहिला वर, बाकीचे खाली, आणि ब्रेक डाव्या पायाला. शांत डोक्याने चालवताना आठ दिवसांत सवय होते. पण समोर अचानक कुणी आलं की पाय जुन्या सवयीने जातो. तो उजवा पाय जोरात दाबेल, गियर बदलेल आणि गाडी थांबणार नाही.

कव्हर घालून आठवण म्हणून ठेवायचीही नाही. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं. एका पावसाळ्यात टाकी आतून गंजायला लागते, कार्बोरेटरच्या जेटमध्ये चिकटा बसतो, बॅटरी मरते, एकाच जागी उभ्या टायरांना सपाट डाग पडतात. तीन दशकं जपलेली गाडी दोन वर्षांत भंगार होईल. शिवाय ती समोर दिसत राहिली की एखाद्या गुलाबी थंडीच्या सकाळी तुम्ही वॉचमनना हाक मारालच.

ती चालवणाऱ्याला विका. जुन्या इंजिनाच्या, उजव्या गियरच्या बुलेटमागे वेडे झालेले लोक पुण्यात कमी नाहीत, नाना पेठेतल्या तुमच्या मेकॅनिकला ते माहीत असतात. त्यालाच सांगा, 'उजवा गियर येत असलेलं गिऱ्हाईक आण.' किमतीसाठी ताणू नका, पण कागदात कसूर नको. गाडी १९९४ ची, म्हणजे पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशन नवं झालेलं असणार. २०२४ चं झालंय ना, पर्यावरण कर भरलाय ना, आरसी काढून बघा. इन्शुरन्स आणि पीयूसी चालू हवं. मालकी बदलायला फॉर्म २९ दोन प्रतींत आणि फॉर्म ३०, त्यावर घेणाऱ्याचं नाव, पत्ता आणि तारीख भरूनच सही करा. कोऱ्या फॉर्मवर सही करून 'तुमचं तुम्ही करून घ्या' म्हणणारे सज्जन पुढे नोटिसा घेऊन फिरतात. गाडी हस्तांतरित झाल्याचं तुम्ही १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. घेणाऱ्याच्या आधारची प्रत ठेवा आणि गाडी ताब्यात दिल्याचा साधा कागद करा, त्यावर तारखेबरोबर वेळही लिहा. आरसीवर ज्याचं नाव तोच कायद्याने मालक, हे सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय; उद्या त्या गाडीने कुणाला धडक दिली आणि नाव तुमचंच असलं, तर भरपाईच्या दाव्यात तुम्हीच उभे. नाव बदललेलं ऑनलाइन दिसेपर्यंत आठवड्यातून एकदा तपासत राहा. बँकेतल्या माणसाला हा छळ वाटणार नाही.

मंडईला मेट्रोने जा. वनाजला बसायचं, जिल्हा न्यायालयाला (आधीचं सिव्हिल कोर्ट) बदलून स्वारगेटची गाडी धरायची, मंडईला उतरायचं. डेक्कनची बँक त्याच वाटेवर. येताना पिशवी दोन्ही हातांत वाटून घ्या. रविवारी रिक्षाने जा, आणि 'गाडी कुठाय' असं कुणी विचारलं तर 'विकली' म्हणा, 'सर्व्हिसिंगला टाकलीय' नाही. पहिल्या रविवारी खोटं बोललात की दर रविवारी बोलावं लागेल. मुलगा त्याऐवजी स्कूटर घेऊन देतो म्हणेल. ती हलकी असते हे खरं, पण चाकं लहान, खड्डा जास्त लागतो. तो विचार दिवाळीनंतर. एक गाडी हातातून सुटली की लगेच दुसरी धरायची घाई असते, तिच्या भरात काही घेऊ नका.

मुलाला काय सांगू, असं विचारलंत. काही सांगू नका. आरसीवरचं नाव बदललं की त्याला दाखवा.

शेवटची एक फेरी मारून यावी असं वाटणारच, भल्या पहाटे, रिकाम्या रस्त्यावर, पानशेतपर्यंत. नको. ती फेरी तुमची कधीच होऊन गेलीय, वॉचमनचा हात न लागता तुम्ही गाडी काढलीत त्या शेवटच्या दिवशी. मेकॅनिकला आजच फोन करा, त्याच्या पोराला गाडी घेऊन जायला पाठवू दे. ऑइल बदलणं, पॉइंट, क्लच केबल, ब्रेक शू, सगळं करून चालू गाडी गिऱ्हाईकाला द्या. टूलकिट आणि जादा चावी पिशवीत घालून सीटला बांधून ठेवा.

पोराला दुपारी दीडला बोलवा. वॉचमनना जेवू द्या.