वाचकांचे प्रश्न : प्रशासकांची राजवट संपली, आता जाब कुणाला विचारायचा?

१५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातील २९ महानगरपालिकांसाठी मतदान झाले. तोपर्यंत या सदराकडे येणाऱ्या पत्रांतून निवडणुका कधी होणार, एवढेच विचारले जात होते. आता प्रश्न बदलले आहेत, पण त्यांमागचा राग ओसरलेला नाही, आणि तो ओसरू नये असेच मला वाटते. त्या पत्रांपैकी पाच पत्रे या वेळी उत्तरांसाठी घेतली आहेत. वाचकांच्या इच्छेनुसार नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : कल्याण-डोंबिवली महापालिकेची मुदत २०२० मध्ये संपली. त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ आम्हाला नगरसेवक नव्हता. पाच वर्षांनी निवडणूक झालीच पाहिजे, असे राज्यघटनेत लिहिलेले असताना हे घडले कसे? प्रत्येक पक्ष दुसऱ्याकडे बोट दाखवतो. खरा दोष कुणाचा?
— निवृत्त शिक्षिका, कल्याण

उत्तर : आपला मुद्दा पूर्णपणे बरोबर आहे. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७४व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २४३-यू घटनेत आला आणि पालिकेची मुदत संपण्यापूर्वी नवी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, असे बंधन त्याने घातले. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००६ मध्ये किशनसिंग तोमर यांच्या प्रकरणात हे बंधन टाळता येणार नाही, असे स्पष्ट बजावले होते. तरीही नवी मुंबई, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर आणि आपले कल्याण-डोंबिवली या पालिकांची मुदत २०२० मध्ये संपली, मुंबई आणि पुण्याची मार्च २०२२ मध्ये संपली, आणि निवडणूक मात्र सगळ्यांची २०२६ च्या जानेवारीत झाली.

यातील पहिले वर्ष करोनाचे होते, ते सोडून देऊ. ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला की, स्वतंत्र आयोग, त्याने गोळा केलेली माहिती आणि एकूण आरक्षणाला ५० टक्क्यांची मर्यादा या तीन अटी पूर्ण झाल्याखेरीज स्थानिक संस्थांत ओबीसी आरक्षण देता येणार नाही. ओबीसी समाजाच्या प्रतिनिधित्वाचा प्रश्न खरा आणि महत्त्वाचा होता, याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु ज्यांना त्याचे महत्त्व वाटत होते, त्यांनी ती माहिती तातडीने गोळा करायला हवी होती. केंद्राने आपल्याकडील माहिती दिली नाही, राज्याने स्वतःची वेळेत जमवली नाही, आणि या कामासाठी राज्याने नेमलेल्या बांठिया आयोगाचा अहवाल न्यायालयासमोर येऊन मान्य व्हायला जुलै २०२२ उजाडला.

दरम्यान मार्च २०२२ मध्ये महाविकास आघाडी सरकारने कायदा करून प्रभागरचनेचा, म्हणजे प्रभागांच्या सीमा ठरवण्याचा, अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून स्वतःकडे घेतला, आणि त्या कायद्याला विरोधी पक्षानेही सभागृहात अडवले नाही. मुंबईच्या जागा आघाडी सरकारने २२७ वरून २३६ केल्या होत्या. ऑगस्ट २०२२ मध्ये नव्या सरकारने त्या पुन्हा २२७ केल्या. रचनाच बदलल्यामुळे प्रकरण पुन्हा न्यायालयात गेले, 'जैसे थे'चा आदेश झाला आणि जवळजवळ पावणेतीन वर्षे तारखांवर तारखा पडत राहिल्या. अखेर ६ मे २०२५ रोजी न्यायालयाने चार आठवड्यांत अधिसूचना काढून चार महिन्यांत निवडणुका संपवण्यास सांगितले. तेही झाले नाही, म्हणून सप्टेंबरमध्ये ३१ जानेवारी २०२६ ही अखेरची मुदत दिली.

दोष कुणाचा, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर असे की, दोन्ही सरकारांनी आपापल्या सोयीची रचना मिळवण्यासाठी निवडणूक लांबवण्याची जोखीम जाणूनबुजून पत्करली, आणि न्यायालयाने घटनेतील मुदतीचे प्रकरण इतका काळ भिजत ठेवायला नको होते. मुदत संपलेल्या पालिकेचा कारभार पाहायला सरकारी प्रशासक नेमता येतो म्हणून निवडणुकीची घाई कुणालाच नव्हती. उद्या पुन्हा ही वेळ येऊ नये असे वाटत असेल, तर प्रभागरचनेचा अधिकार निवडणूक आयोगाकडे परत देण्याची मागणी आपण आपल्या आमदाराकडे आजच लेखी केली पाहिजे. मुदत संपायच्या वर्षी ती करून उपयोग नाही.

प्रश्न : स्पष्टच विचारतो. प्रशासकांच्या काळात निदान टक्केवारीचा बाजार आणि सभागृहातील गोंधळ तरी बंद होता. निर्णय भराभर होत होते. नगरसेवक परत आल्याने सामान्य माणसाच्या पदरात नेमके काय पडणार आहे?
— स्थापत्य अभियंता, नाशिक

उत्तर : असे मत अनेक सुशिक्षित लोक खासगीत मांडतात, आपण ते लिहून पाठवलेत, याबद्दल मी आपला आभारी आहे. नगरसेवकांविषयीची आपली चीड अनुभवातून आलेली आहे आणि ती मी खोडून काढणार नाही. पण 'बंद होता' हे आपण कशाच्या आधारे म्हणता, याचा विचार करावा. सभाच होत नसेल तर गोंधळ दिसणार नाही हे उघड आहे; निविदा मात्र निघत होत्या, बिले मंजूर होत होती आणि त्यांवर प्रश्न विचारणारे सभागृहात कुणीही नव्हते.

अर्थसंकल्पाचेच पाहा. कायद्याप्रमाणे आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीला सादर करतात, समिती त्यात फेरफार सुचवते, त्यावर सर्वसाधारण सभेत चर्चा होते आणि मग ते मंजूर होते. अंदाजपत्रक करणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा, हे या रचनेचे मर्म आहे. प्रशासकांच्या काळात आयुक्तच प्रशासक असल्यामुळे तयार करणारा आणि मंजूर करणारा अधिकारी एकच झाला. मुंबई महापालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक ७४,४२७ कोटी रुपयांचे होते. देशातील सर्वांत श्रीमंत महापालिकेच्या एवढ्या पैशाचा वर्षभराचा हिशेब मतदारांनी निवडलेल्या एकाही व्यक्तीच्या मंजुरीशिवाय ठरला, आणि त्याआधीची दोन वर्षेही तसेच झाले होते.

शिवाय आयुक्त हे राज्य सरकारने नेमलेले अधिकारी असतात आणि त्यांची बदलीही सरकारच्याच हाती असते. त्यामुळे शहराचे निर्णय शहरातून हलून मंत्रालयात गेले. वॉर्डातील गटाराचे काम व्हावे म्हणून लोक आमदार आणि पालकमंत्र्यांच्या कार्यालयात खेटे घालू लागले, आणि पालिकेचा निधी सत्ताधारी आमदारांच्या मतदारसंघांत वळवला जातो, असा आरोप विरोधी आमदारांनी मुंबईत उघडपणे केला. अधिकारी व्यक्तिशः प्रामाणिक असला तरी त्याला पुढच्या निवडणुकीत आपल्या दारात यायचे नसते.

नगरसेवक आले म्हणजे टक्केवारी जाईल, असे मी म्हणत नाही. मात्र स्थायी समितीच्या प्रस्तावांना आता इतिवृत्त असेल, विरोधात बोललेल्या सदस्याचे नाव त्यात असेल आणि आपल्याला ते मागता येईल. आपण अभियंता आहात. आपल्या प्रभागातील दोन-तीन कामांचे दर प्रस्तावात काय लावले आहेत, हे आपण वाचून सांगितलेत तर ती मदत फार मोलाची ठरेल.

प्रश्न : आमच्या गल्लीतला काँक्रीटचा रस्ता पूर्ण होऊन काही महिने झाले नाहीत, तोच केबल टाकण्यासाठी तो खोदला. चर नीट बुजवला नाही. खडी वर आली आहे आणि माझ्या सासूबाई तिथे पाय घसरून पडल्या. अॅपवर तक्रार केली, तर दोन दिवसांत 'तक्रारीचे निराकरण झाले आहे' असा मेसेज आला. कामाला कुणी हातही लावलेला नाही. आता कुणाच्या पाया पडायचे?
— एक गृहिणी

उत्तर : ताई, कुणाच्याही पाया पडण्याची गरज नाही. सासूबाईंना फार लागले नसेल अशी आशा करतो. काम न करताच तक्रार बंद करणे हा नागरिकाचा सरळ अपमान आहे आणि तो आपण निमूटपणे सोसू नये.

बंद झालेल्या तक्रारीचा क्रमांक, तो मेसेज आणि त्यानंतर काढलेला चराचा फोटो जपून ठेवा. मग वॉर्ड कार्यालयात सोमवारी दुपारी जा. पुणे महापालिकेने २००९ च्या सुमारास दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना फाइली पाहू देण्याची पद्धत सुरू केली. पुढे २०१८ मध्ये राज्य सरकारने परिपत्रक काढून ती जिल्हास्तरीय कार्यालयांना आणि स्थानिक संस्थांना लागू केली. अनेक ठिकाणी कर्मचारी 'असे काही नसते' म्हणून वाटेला लावतात, म्हणून परिपत्रकाचा उल्लेख केलेला अर्ज लिहूनच न्यावा आणि त्याची पोच घ्यावी.

तिथे तीन कागद मागा. पहिला, खोदाईची परवानगी : कुणाला, किती मीटरची, किती तारखेपर्यंत, आणि रस्ता पूर्ववत करण्यासाठी किती रक्कम भरून घेतली, हे तिच्यात असते. दुसरा, मूळ रस्त्याची वर्क ऑर्डर. त्यात दोष-दायित्व कालावधी दिलेला असतो आणि त्या काळात रस्ता खचला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. खोदाई झाल्यावर ठेकेदार हात झटकतो आणि केबलवाली कंपनी पालिकेकडे बोट दाखवते, म्हणूनच हे दोन्ही कागद एकत्र पाहावे लागतात. तिसरा म्हणजे मेजरमेंट बुक, ज्यात प्रत्यक्ष झालेल्या कामाची मापे कनिष्ठ अभियंत्याच्या सहीने लिहिलेली असतात आणि त्यावरूनच बिल निघते. चर बुजवल्याची नोंद तिथे असेल आणि आपल्या दारात खडी उघडी असेल, तर आपले प्रकरण तक्रारीच्या पलीकडे गेले, असे समजा.

फाइल दाखवली नाही, तर दहा रुपये शुल्क भरून माहितीच्या अधिकाराचा अर्ज द्या. ३० दिवसांत उत्तर मिळायला हवे. नाही मिळाले तर त्याच कार्यालयातील वरिष्ठांकडे पहिले अपील करता येते. दुसरे अपील राज्य माहिती आयोगाकडे असते आणि त्याला फार वेळ लागतो, म्हणून पहिल्या अपिलाच्या सुनावणीला स्वतः हजर राहावे. याच कायद्याने नागरिकाला कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क दिलेला आहे. गल्लीतील चार-पाच घरांनी मिळून असा नमुना मागितला, की अभियंता जागेवर येतो, असा अनेक कार्यकर्त्यांचा अनुभव आहे.

दाखले, नळजोडणी यांसारख्या अधिसूचित सेवांसाठी २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा अधिक उपयोगी पडतो, कारण त्यात मुदत ठरलेली आहे आणि विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांचा दंड होऊ शकतो.

प्रश्न : आमच्या प्रभागात चार नगरसेवक निवडून आले आहेत. कचऱ्याविषयी एकाला फोन केला, तर तो म्हणतो, 'तुमची सोसायटी माझ्याकडे येत नाही.' दुसराही तेच सांगतो. चौघांना मते दिली आणि एकही आमचा नाही, असे कसे?
— दुकानदार, पश्चिम महाराष्ट्र

उत्तर : मुंबई वगळता इतर महापालिकांत बहुसदस्य पद्धत आहे, पुण्यात ४१ प्रभागांतून १६५ नगरसेवक निवडले जातात. अ, ब, क, ड या जागा आरक्षणाच्या सोयीसाठी आहेत. त्यांनी प्रभागाचे तुकडे होत नाहीत. चारही नगरसेवक संपूर्ण प्रभागाचे प्रतिनिधी असतात आणि 'माझा भाग', 'तुझा भाग' ही त्यांनी आपसात केलेली वाटणी आहे, तिला कायद्याचा कोणताही आधार नाही. म्हणून फोन करू नका. चौघांच्या नावे एकच पत्र द्या, त्याची प्रत प्रभाग समितीला द्या आणि त्या पत्रावर चौघांची पोच घ्या. ही पद्धत मला मुळातच नागरिकांच्या हिताची वाटत नाही. प्रभाग मोठा होतो, उमेदवाराचा खर्च वाढतो, पक्षाच्या पॅनेलवर शिक्का मारला जातो आणि जबाबदारी चौघांत विरून जाते.

प्रश्न : पक्ष पाहून मत द्यावे, तर निवडून आलेला माणूस पक्ष बदलतो, माणूस पाहून द्यावे, तर पक्ष भलत्याशीच युती करतो. मग यापुढे मत द्यायचेच कशासाठी? 'नोटा'चा तरी काही उपयोग आहे का?
— पदव्युत्तर विद्यार्थी, अंबरनाथ

उत्तर : आपल्याच शहरात डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीनंतर भाजप आणि काँग्रेसचे नगरसेवक एका आघाडीत बसले, काँग्रेसने आपल्या नगरसेवकांना निलंबित केले आणि मग ते भाजपमध्येच गेले. हे पाहिल्यावर आपल्या मनात हा प्रश्न आला नसता तरच नवल. विधानसभेतही वेगळे घडलेले नाही : जून २०२२ च्या शिवसेनेतील फुटीनंतर सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी विधानसभा अध्यक्षांना आमदारांच्या अपात्रतेवर वाजवी वेळेत निर्णय घेण्यास सांगितले, आणि निर्णय आला १० जानेवारी २०२४ रोजी, म्हणजे फुटीनंतर दीड वर्षाने. पक्षांतरबंदी कायद्यात अध्यक्षांना ठरावीक मुदत घातलेली नाही, ही त्यातील सर्वांत मोठी उणीव आहे.

नगरसेवकांसाठी महाराष्ट्रात १९८६ चा स्वतंत्र अनर्हता कायदा आहे. पक्षादेश मोडणाऱ्याचे किंवा स्वेच्छेने पक्ष सोडणाऱ्याचे पद त्याखाली जाऊ शकते. परंतु पक्षांना आपसात तडजोड करायची असली की अर्ज रेंगाळतात किंवा मागे घेतले जातात.

'नोटा'विषयी एक गोष्ट फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. लोकसभा-विधानसभेला 'नोटा'ला कितीही मते पडली, तरी उमेदवारांत पुढे असलेला विजयी ठरतो. महाराष्ट्रातील स्थानिक निवडणुकांसाठी मात्र राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये असा आदेश काढला की, 'नोटा'ला सर्वाधिक मते मिळाली तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यायची. घरी बसलेल्या मतदाराची नोंद कुठेही होत नाही, या बटणाची होते, आणि स्थानिक निवडणुकीत तिला वजनही आहे. उमेदवार बिनविरोध निवडून आला तर मात्र मतदानच होत नाही आणि हे बटण दाबण्याची संधीही मिळत नाही. बिनविरोध जागेवरही मतदान घ्यावे, अशी मागणी विद्यार्थ्यांनी आयोगाकडे लेखी करावी. या सदरातून मी तिला जाहीर पाठिंबा देत आहे.