डिप्लोमानंतर डिग्री करू का पुण्यात क्लास लावू? - माझं उत्तर

तुझा प्रश्न मला कळला तो असा, की कॉम्प्युटर डिप्लोमाचं शेवटचं वर्ष चालूय, मार्क सत्तरच्या आसपास आहेत, घरी दूध संकलन केंद्र आहे, आणि मित्र म्हणतोय डिग्रीत 3 वर्षं घालवण्यापेक्षा पुण्यात फुल स्टॅकचा (वेबसाइटची पुढची-मागची दोन्ही बाजू बनवायचा) क्लास लाव, सहा महिन्यात जॉब.

सरळ सांगतो, डीएसई कर, म्हणजे डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला ॲडमिशन घे. डायरेक्ट सेकंड इयरला सीईटी लागत नाही, डिप्लोमाच्या मार्कांवर मेरिट लागतं, त्यामुळे आत्ता हातात असलेल्या सेमिस्टरचे मार्क सगळ्यात महत्त्वाचे, बाकीचं नंतर. डिप्लोमावर जॉब मिळतच नाही असं नाही, मिळतो, पण बहुतेक वेळा सपोर्टचा नाहीतर डेस्कटॉप इंजिनिअरचा, आणि तिथून डेव्हलपमेंटला यायला लोकांची वर्षं जातात. मोठ्या सर्व्हिस कंपन्यांच्या (दुसऱ्यांचं सॉफ्टवेअरचं काम करून देणाऱ्या) फॉर्ममध्ये पहिलाच चाळणीचा प्रश्न डिग्रीचा असतो, आणि बऱ्याच ठिकाणी दहावी, डिप्लोमा, डिग्री सगळीकडे 60 टक्के मागतात. तू कोड कितीही भारी लिही, तो फॉर्म पुढेच जात नाही.

डीएसईवाल्यांना दोन त्रास होतात ते आधीच माहीत असू दे. एक तर ॲडमिशन राउंड लांबतात आणि कॉलेज आधीच सुरू झालेलं असतं. दुसरं, एम-वन एम-टू (डिग्रीच्या पहिल्या वर्षाचं गणित) न करता तुम्ही थेट एम-थ्रीला बसता, त्यात लाप्लास, फूरिये असलं पुढचं गणित असतं, आणि तिथेच बॅकलॉग लागतो. सुट्टीत इंटिग्रेशन घासून ठेव.

आता क्लास. सगळे फसवे नसतात, काही ठिकाणी खरंच शिकवतात. पण "100 टक्के जॉब गॅरंटी"च्या कागदावर खालची बारीक अक्षरं वाच, बहुतेक ठिकाणी गॅरंटी इंटरव्ह्यूला पाठवायची असते, जॉबची नाही. आणि कोणी म्हणालं की दोन वर्षांचा एक्सपिरियन्स लावून देतो, तर तिथून उठून ये. कंपन्या पीएफचा यूएएन (नोकरी बदलली तरी तोच राहणारा नंबर) बघतात, त्यात कुठे किती महिने होतास ते दिसतं, बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये पकडला गेलास तर लागलेली नोकरी पण जाते. सीडॅक या सरकारी संस्थेचा डॅक हा कॉम्प्युटरचा कोर्स चांगला आहे पण त्याला डिग्री लागते, तो नंतरचा विषय.

शिकायला पैसे लागत नाहीत. एनपीटीईएलवर (आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन कोर्सची साइट) माधवन मुकुंद सरांचा पायथनमधून डेटा स्ट्रक्चर्सचा (माहिती कशी मांडून ठेवायची त्याचा) कोर्स आहे, शिकणं फुकट, परीक्षा द्यायची असेल तरच फी. एवढा एकच पूर्ण कर, दहा अर्धवट नकोत.

आणि प्रोजेक्टसाठी तू ई-कॉमर्स वेबसाइट म्हणतोयस, अरे कशाला? ती सगळ्यांच्याच रेझ्युमेवर असते. तुझ्या घरात दूध केंद्र आहे ना! सकाळ-संध्याकाळचं संकलन, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), दरपत्रक, दहा दिवसांचा दुधाचा पगार, त्यातून उचल आणि पशुखाद्याची कपात, एवढं कर. ऐकायला सोपं वाटतं, करायला बस मग कळेल. पायथनमध्ये 0.1 + 0.2 करून बघ, 0.30000000000000004 येतं, म्हणजे रक्कम फ्लोटमध्ये (पायथनचा साधा दशांश प्रकार) ठेवायची नाही, रुपयांचे पैसे करून पूर्णांक ठेव नाहीतर पायथनचा डेसिमल हा अचूक प्रकार वापर. round(2.5) केलंस तर 3 नाही, 2 येतं. मग राउंड रोजच्या ओळीला करायचं का दहा दिवसांच्या बेरजेला, हे वडिलांना विचार, कारण रुपया कमी आला की शेतकरी केंद्रावर येऊन त्यांनाच धरणार. दर 15 तारखेला बदलला तर 12 तारखेची पावती परत काढल्यावर जुन्याच दराने निघाली पाहिजे, म्हणजे दरपत्रकाला "कधीपासून लागू" हा कॉलम हवाच. एकाच माणसाची एकाच वेळची एंट्री चुकून दोनदा पडली तर? तिथे युनिक कन्स्ट्रेंट (तीच नोंद दुसऱ्यांदा घेऊ न देणारा डेटाबेसचा नियम) लावशील, आणि मग लक्षात येईल की त्याच्याकडे गाय पण आहे आणि म्हैस पण, मग जनावराचा प्रकार पण त्यात घ्यावा लागतो. मी स्वतः इंटरव्ह्यू घेतो, फ्रेशरने मला एवढं सांगितलं तर पुढचा अर्धा तास आम्ही याच्यावरच बोलू.

सुरुवातीला एसक्यूएलाइट (एका फाइलमध्ये मावणारा छोटा डेटाबेस) पुरे, कोड गिटहबवर (ऑनलाइन कोड ठेवायची जागा) पहिल्या दिवसापासून टाक (खऱ्या शेतकऱ्यांची नावं, बँक खाती तिथे टाकू नकोस, खोटा डेटा घाल). चॅटजीपीटी वापर, आम्हीही असली टूल्स वापरतो, पण जी ओळ तुला समजावता येत नाही ती ठेवायची नाही, कारण इंटरव्ह्यूत बोट नेमकं तिथेच ठेवलं जातं. आणि वडिलांना लगेच वही बंद करायला लावू नकोस, निदान दोन-तीन पगार वही आणि सॉफ्टवेअर दोन्ही चालू दे, फरक आला की शोध कुठे आला.

पगाराचं विचारलंस. मोठ्या सर्व्हिस कंपन्यांत फ्रेशरचं वर्षाचं पॅकेज बरीच वर्षं साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळतंय, पुण्यात रूम, मेस, पेट्रोल जाऊन फार काही उरत नाही, घरी तसं सांगून ठेव. प्रॉडक्ट कंपन्या (स्वतःचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या) जास्त देतात पण तिथे डीएसए (डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम) घासून विचारतात.

लॅपटॉप नवा घेऊ नकोस, सेकंडहँड बिझनेस मॉडेल बघ, 8 जीबी रॅम, एसएसडी असली म्हणजे झालं, 16 मिळाली तर उत्तम. बॅटरी मात्र दुकानातच तासभर चालवून बघ, नुसत्या "बॅकअप चांगलाय"वर विश्वास ठेवू नको.