वाचक विचारतात: ३५ एएचच्या जागी ४५ची बॅटरी घ्यावी का?

प्रश्न: आमच्या छोट्या पेट्रोल गाडीची ३५ एएचची (ॲम्पिअर-अवर, म्हणजे वीज साठवण्याची क्षमता) बॅटरी चार वर्षं जुनी आहे. थंडी पडल्यापासून सकाळी सेल्फ मारला की नुसता ‘टक्’ आवाज येतो. दुकानदार म्हणतात, ४५ची टाका. गाडी रोज इंदिरानगर ते मुंबई नाका एवढीच फिरते. — एक वाचक, नाशिक

उत्तर: आधी टर्मिनल हाताने हलवून बघा. ते सैल असलं किंवा त्यावर पांढरट-हिरवा थर साचला असला, तरी असाच आवाज येतो. मग रात्रभर उभ्या गाडीला मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी. निम्मी असेल तर चार्ज करून मगच लोड टेस्ट (बॅटरीवर भार टाकून केलेली तपासणी) करून घ्या. उतरलेली चांगली बॅटरीही या टेस्टमध्ये नापास होते. भरलेली असूनही सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ खाली गेलं, तर ती बदलायलाच हवी. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसत नसतील, तर अल्टरनेटर (चालू इंजिनवर बॅटरी भरणारा जनरेटर) तपासा. नाहीतर नवी बॅटरीही उतरेल.

खरं नुकसान एप्रिल-मेच्या उन्हात होतं. बॉनेटखालच्या उष्णतेने आतल्या प्लेट्स झिजतात. थंडीत ऑइल घट्ट होतं, सेल्फला जास्त जोर लागतो आणि दुखणं तेव्हा बाहेर पडतं.

४५च्या बॅटरीने अल्टरनेटर जळत नाही, ती भीती सोडा. प्रश्न मापाचा आहे. जुन्या बॅटरीवर ३८बी२०एल असा कोड असेल, तर बी हा रुंदी-उंचीचा गट, २० ही सेंटिमीटरमधली अंदाजे लांबी आणि एल ही टर्मिनलची बाजू. एलच्या जागी आर घेतली तर वायर पोहोचत नाही. ओढूनताणून उलटी जोडली तर मेन फ्यूज आणि अल्टरनेटरचे डायोड उडतात. ट्रेमध्ये न मावणारी बॅटरी क्लॅम्पमध्ये पक्की बसत नाही आणि खड्ड्यांत हादरून मरते. शिवाय तुमच्या छोट्या फेऱ्यांत मोठी बॅटरीही अर्धवटच भरणार. त्यापेक्षा ३५चीच घ्या आणि आठवड्यातून एकदा ओझरपर्यंत सलग चालवून आणा.

एएचपेक्षा ताजेपणा बघा. उत्पादनाची तारीख तीन महिन्यांच्या आतली हवी आणि बसवण्याआधी मीटरवर किमान १२.५ व्होल्ट दिसायला हवेत. वॉरंटीत फुकट बदलीचे महिने किती आणि वापराच्या प्रमाणात सवलतीचे किती, हे कार्डावर लिहून घ्या.

प्रश्न: सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाडीत साधी बॅटरी चालेल का?

उत्तर: नाही. अशा गाड्यांसाठी ईएफबी आणि एजीएम या जास्त दणकट बॅटऱ्या असतात. कंपनीने ईएफबी दिली असेल तर ईएफबी, एजीएम असेल तर एजीएमच. वारंवार सेल्फ बसल्याने साधी बॅटरी लवकर खलास होते.

प्रश्न: बॅटरी घरी बदलता येईल?

उत्तर: साध्या गाडीत येते, बहुतेक ठिकाणी १० नंबरचा पाना पुरतो. काढताना आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. बसवताना आधी पॉझिटिव्ह. उलट केलंत आणि पाना बॉडीला टेकला, तर मोठी ठिणगी उडते. टर्मिनल हातोडीने ठोकू नका, त्याने पोल आतून तुटतो. शेवटी टर्मिनलवर पेट्रोलियम जेली लावा. जुनी बॅटरी भंगारवाल्याला न देता दुकानातच परत द्या. आतलं शिसं आणि आम्ल नाल्यात जात नाही आणि बिलातही वजावट मिळते.