एइबार हा स्पेनमधला छोटासा फुटबॉल क्लब ला लीगापर्यंत, म्हणजे तिथल्या सर्वोच्च लीगपर्यंत, कसा पोहोचला?

एइबार हे बास्क प्रांतातलं जेमतेम २७ हजार वस्तीचं गाव. बंदुका बनवणाऱ्यांचं, म्हणून संघाचं टोपणनाव ‘आर्मेरोस’. क्लब १९४० चा. शाबी आलोन्सो आणि दाविद सिल्वा हे स्पेनचे नामवंत खेळाडू उमेदीच्या काळात इथे लोनवर (आपल्या क्लबकडून तात्पुरते उसने) खेळून गेलेत.

२०१४ मध्ये ला लीगात बढती मिळाली, पण खरी गंमत पुढेच. डोक्यावर कर्ज नाही, तरी नियमाप्रमाणे भांडवल कमी म्हणून खालच्या विभागात ढकलण्याची वेळ आली! मग जगभरातल्या चाहत्यांना शेअर विकून सुमारे १७ लाख युरो उभे केले. पहिल्याच मोसमात १८ वा नंबर, म्हणजे घसरण ठरलेली. पण एल्चे या दुसऱ्या क्लबला आर्थिक कारणांमुळे खाली पाठवलं आणि हे वाचले. नशीबही लागतंच. पुढे २०२१ पर्यंत सलग ७ मोसम टिकले.