सोलापुरात बंगल्यापुढे सिल्व्हर ओक लावला तर जगेल का, फुलेल का?

जगेल आणि फुलेलही, पण पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी द्यावं लागेल आणि काळ्या चिकट मातीत पाणी तुंबत असेल तर लावूच नका. नावात ओक असला तरी हा ओक नव्हे. मॅकाडेमिया या सुक्या मेव्याच्या झाडाच्या कुळातला, म्हणजे प्रोटिएसीतला, पूर्व ऑस्ट्रेलियाच्या वर्षावनांतला आणि नदीकाठचा वृक्ष आहे. मूळ धरल्यावर तो कोरडं हवामान बऱ्यापैकी सोसतो, म्हणून आपल्याकडच्या मुरमाड, निचऱ्याच्या जमिनीत त्याचं जमतं. या कुळातली झाडं बारीक मुळांच्या झुबक्यांनी निकस मातीतूनही स्फुरद (फॉस्फरस) ओढून घेतात, तेव्हा डीएपी, सुपर फॉस्फेट अशी स्फुरदाची खतं टाकायच्या भानगडीत पडू नका. फुलायला काही वर्षं लागतात, पण एकदा फुललं की बघत राहावं: केशरी-पिवळे तुरे, सगळी फुलं दातांच्या ब्रशसारखी एकाच अंगाला वळलेली, मधाने ओथंबलेली, पक्ष्यांची नुसती झुंबड! पानं वरून हिरवी, उलटी केली की रुपेरी.

एकच अडचण म्हणजे झाड २५-३० मीटरपर्यंत जाऊ शकतं आणि फांद्या ठिसूळ असतात. वळवाच्या वाऱ्यात त्या मोडतात, त्यामुळे घर आणि विजेच्या तारांपासून चांगलं लांब लावा.