मूत्रपिंडाच्या अहवालातील वर्णभेद

प्रश्न : शिकागोत राहणारी माझी भाची सांगते की, अमेरिकेत रक्ततपासणीचा निष्कर्षही रुग्णाच्या वर्णानुसार बदलत असे. हे खरे आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : होय. क्रिएटिनिन या रक्तातील टाकाऊ द्रव्याच्या प्रमाणावरून मूत्रपिंडाची कार्यक्षमता काढण्याच्या २००९ च्या सूत्रात रुग्ण कृष्णवर्णीय असल्यास उत्तराला १.१५९ ने गुणले जाई. वय, लिंग आणि क्रिएटिनिन सारखेच असले, तरी गोऱ्या रुग्णाचा आकडा २० आला की कृष्णवर्णीयाचा २३ येई. आणि डायलिसिस सुरू नसल्यास प्रत्यारोपणासाठीचा प्रतीक्षाकाळ मोजला जाण्यासाठी २० किंवा त्याहून कमी आकडा लागत असल्यामुळे दुसरा रुग्ण ताटकळत राही. कृष्णवर्णीयांचे स्नायू अधिक असतात, असा तर्क यामागे दिला जाई. तो मुळातच लंगडा होता, आणि मिश्र वंशाच्या माणसाला कोणत्या रकान्यात बसवायचे, याचे धड उत्तर कुणाकडेच नव्हते. २०२१ मध्ये वर्णाचा विचार न करणारे सूत्र आले आणि जानेवारी २०२३ पासून अशा रुग्णांचा हुकलेला प्रतीक्षाकाळ जोडून देणे प्रत्यारोपण केंद्रांना बंधनकारक झाले.

अर्थात, कृष्णवर्णीयांच्या खालावलेल्या आरोग्याचा सगळा दोष सूत्राचा नाही. शिकागोच्या स्ट्रीटरव्हिल या सधन भागात सरासरी आयुर्मान सुमारे ९० वर्षे, तर काही मैलांवरच्या, बहुसंख्य कृष्णवर्णीय इंगलवूडमध्ये सुमारे ६० वर्षे असल्याचे २०१९ मधील एका विश्लेषणात आढळले होते. १९३० च्या दशकातील गृहकर्जाच्या नकाशांत कृष्णवर्णीय वस्त्या लाल रंगवून कर्ज देण्यास धोकादायक ठरवल्या गेल्या, तेव्हापासून तेथे भांडवल आटत गेले. आपल्या भाचीच्या अहवालाला मात्र तो गुणक लागला नसावा, कारण भारतीयांची गणना त्या सूत्रात ‘गोरे किंवा इतर’ गटात होत असे.